वहिनी, टॉर्च जरा इकडे धरा

प्रिय जहाजवाल्या,

तुझ्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती मी लेखी करतो आहे, कारण तोंडी केली की तू हसतोस. आमच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या डाव्या बाजूला एक खिळा आहे. त्यावर शाळेने मला दिलेलं मानपत्र चौकटीसकट टांगलेलं असे. मानपत्र स्वयंपाकघरात का, असं विचारू नकोस. बाहेरच्या खोलीत पुस्तकांनी भिंत म्हणून काही शिल्लक ठेवलेली नाही. तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझं मानपत्र कपाटावर, धुळीत, पालथं पडलं आणि त्या खिळ्यावर तुझा तो लाकडी दांड्याचा रबरी पंप विराजमान झाला. पाहुणे जाताना बिस्किटांचा पुडा ठेवून जातात, फुलं ठेवून जातात. तुंबलेलं सिंक उपसायचं हत्यार 'वहिनींना माझ्याकडून भेट' म्हणून ठेवून जाणारा पाहुणा पृथ्वीतलावर तू एकटाच. आणि ती भेट मिळाल्यावर कृतकृत्य होणारी वहिनीही एकटीच.

झालं ते तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तुला कधी कळलेलं नाही. त्या दिवशी सिंकमध्ये पाणी तुडुंब, वर तेलाचा तवंग, तळाशी बुडालेला एक चमचा. मी ते साफ करायच्या पावडरचा डबा घेऊन उभा होतो. तू म्हणालास, "शास्त्रीबुवा, डबा खाली ठेवा. एवढ्या पाण्यात ती पावडर तळाशी बसून दगड होईल, पाइप उघडायला गेलो की तेच पाणी माझ्या डोळ्यांत उडेल." मी म्हणालो, बरं, मग इंजिनरूमचा काय आदेश? तू बाह्या सरसावल्यास. अर्धं पाणी मगाने उपसून बादलीत टाकलंस. सिंकच्या वरच्या अंगाला एक भोक असतं, हे मला या घरात इतकी वर्षं राहून त्या दिवशी कळलं. त्यात तू ओलं फडकं कोंबलंस, कारण तिथून हवा गेली तर खाली जोर पोचत नाही म्हणे. मग पंप. भक्क, भक्क, भक्क. पाणी जरा हललं, पण गेलं नाही. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती औषधांच्या दुकानातून जेवायला घरी आल्या. तू सिंकखालच्या कपाटात अर्धा आत, पाय बाहेर, आणि आतूनच म्हणालास, "वहिनी, टॉर्च जरा इकडे धरा."

आता बघ. त्या वाक्यात काही नाही. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं सरळ. पण ती हातातली पर्स खाली ठेवून, कामावरच्या चांगल्या कपड्यांनिशी, तशीच फरशीवर मांडी घालून बसली. मी संसारात तिला काय काय धरायला सांगितलं आहे याचा विचार केला, तर शिडी. एकदा छत्री. त्यातही छत्रीच्या वेळी ती माझ्या पुस्तकांवर धरायची होती. तू मात्र तिला सांगत होतास, ही बघा, ही वाकडी नळी, हिच्यात मुद्दाम पाणी अडून राहतं, म्हणजे गटाराचा वास घरात येत नाही; सगळा गाळ इथेच बसतो; खाली बादली सरकवा, आता हा नट हाताने सुटतो का बघू, पाना शेवटी. आणि ती विचारत होती. "मग हे वॉशर उलटं बसलं तर?" असे प्रश्न माझ्या वर्गात गेल्या कित्येक वर्षांत कुणी विचारलेले नाहीत. मी दारात उभा राहून एक शाब्दिक कोटी केली. दोघांनीही ऐकली नाही.

मग वॉशर फाटलेलं निघालं आणि ते आणायला तुम्ही मला पाठवलंत. ठीक आहे, त्या ठिकाणी माझा तेवढाच उपयोग होता. दुकानदाराने माप विचारलं, मला सांगता आलं नाही, त्याने तीन-चार निरनिराळी दिली. परत येताना मला जिन्यातच ऐकू आलं. ती हसत होती. तू ते ऐकलंस, पण त्याची रीत तुला ठाऊक नसेल. आधी आवाज नसतो, नुसते खांदे हलतात, मग नाकातून एक बारीक सूर निघतो आणि शेवटी तिला श्वास पुरत नाही. तो शेवटचा भाग मी विसरून गेलो होतो. मी जिन्यात उभा राहिलो, हातात वॉशरची पुडी. खरं सांगायचं तर मुद्दामच उभा राहिलो, की जरा पुढे ऐकू येईल. मग आत गेलो आणि हसणं थांबलं. शिक्षक वर्गात आला की जे थांबतं ना, तसं. त्या शांततेची मला धंद्यामुळे चांगली ओळख आहे. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही हो. वॉशर मिळालं?"

सिंक वाहतं करून तू दुसऱ्या दिवशी बंदराकडे निघून गेलास, पण घरातून गेला नाहीस. दरवाजा करकरला की "भावजी असते तर तेल घातलं असतं." दिवा फडफडला की "भावजींना विचारायला हवं." एकदा नुसतीच बेसिनचा नळ बंद करताना म्हणाली, "माणसाने कसं, विचारलं तर नीट सांगावं." हे कुणाबद्दल होतं आणि कुणाविरुद्ध होतं, हे समजायला टीकाग्रंथ लागत नाही. संस्कृतात मत्सराला बरेच शब्द आहेत. दुसऱ्याचं चांगलं न बघवणं हा एक, दुसऱ्याच्या गुणांत दोष काढत बसणं हा दुसरा, आपल्या माणसाकडे दुसऱ्याने बघू नये असं वाटणं हा तिसरा. मी मुलांना हा फरक फळ्यावर काढून शिकवतो. गेला महिनाभर मला तिन्ही एकदम झाले आहेत, आणि फळ्यावर वाटतात तितके ते वेगळे नसतात. गैरसमज करून घेऊ नकोस. तुझ्याबद्दल किंवा तिच्याबद्दल माझ्या मनात तसलं काही नाही; असतं तर सोपं होतं, चार शिव्या दिल्या असत्या. मला हेवा वाटतो तो तिने तुला विचारलेल्या प्रश्नांचा.

म्हणून सिंक पुन्हा तुंबलं तेव्हा मी मनातून खूष झालो. ती दुपारची पाळी करून यायची होती. ती यायच्या आत सगळं चकाचक करून ठेवायचं आणि सहज म्हणायचं, अगं ते? ते मघाशीच केलं. तुझा पंप खिळ्यावर होता, हात लांब केला की मिळाला असता. पण त्याला शिवायचं नाही असा पण मी केला होता. हसू नकोस. मी तो पावडरचा डबा काढला, साचलेल्या पाण्यात अर्धा रिकामा केला आणि वाट बघत बसलो. पाणी कढत झालं, खदखदलं, पण जाईना. मग मला वाटलं, एकाने होत नाही तर दोघांनी होईल. संडास धुवायचं ॲसिड होतं, ती बाटली आणली. झाकणाला हात घातला तेव्हाही त्यावर लाल अक्षरांत काहीतरी लिहिलेलं दिसत होतं. मी ते वाचलं नाही. छापलेलं काहीही दिसलं की वाचणारा माणूस मी, नेमकं तेवढंच वाचलं नाही.

काय झालं ते नीट आठवत नाही. फस्स झालं, पाणी उसळलं, वाफ आली आणि घशात कुणी काटेरी काहीतरी घातल्यासारखं झालं. मी खिडकी उघडायची सोडून आणखी वाकून बघत होतो. तेवढ्यात ती आली. दारातूनच वास ओळखला तिने. आत येऊन पहिल्यांदा माझी कॉलर धरली आणि पोत्यासारखा मला ओढत बाहेर जिन्यात नेलं, मग नाकातोंडावर ओढणी धरून परत गेली, खिडकी सताड उघडली, आतला दरवाजा ओढून घेतला आणि आली. माझ्या हातावर शिंतोडे उडाले होते, ते शेजारणीच्या नळाखाली कितीतरी वेळ धरून ठेवायला लावले. आणि मग ती बोलली. "दोन औषधं एकत्र करू नयेत हे मी दिवसभर लोकांना सांगते, आणि माझ्याच घरात? डोळे गेले असते म्हणजे? एवढ्या भाषा शिकलात, बाटलीवरचं मराठी वाचता येत नाही? पंप टांगलेला दिसत नव्हता? मला एक फोन केला असता तर हात मोडले असते?" जहाजवाल्या, शेजारीण ऐकत होती, हात झोंबत होता, आणि मी मनात म्हणत होतो, चालू दे. बऱ्याच दिवसांत ती माझ्याशी इतकं सलग बोलली नव्हती.

वास जाईपर्यंत आम्ही जिन्यातच बसलो. ती दोन पायऱ्या वर, मी खाली. ती पंप वापरू देईना, पाइप उघडू देईना. म्हणाली, आत काय तयार झालंय कुणास ठाऊक, आता हात लावायचा नाही. नळकाम करणाऱ्याला तिने फोन केला आणि त्याला आधीच बजावलं की आत पावडर आणि ॲसिड दोन्ही आहे, चष्मा आणि हातमोजे घेऊन या. तो दुसऱ्या दिवशी आला, मला चार शब्द सुनावले, वाकडी नळी सोडवली आणि आतून पांढरट, चिवट असा एक गोळा बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवला. "घरात खळ कोण ओततं?" त्याने विचारलं.

कबूल करायला हवं, शाळेच्या ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं मी घरी आणून चिकटवतो. मैद्याची खळ शिजवतो, उरलेली सिंकमध्ये ओततो, ब्रशही तिथेच धुतो. त्यात भांड्यांचं तेल मिसळत गेलं आणि त्याचा आत, काचा बसवायला लावतात त्या लांबीसारखा, थर बसला. मी बायकोकडे बघितलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती. तिला ठाऊक होतं. तो नळवाला गेल्यावर मी विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "हो." कधीपासून? "पहिल्यापासून." मग सांगितलं का नाहीस? ती वर्तमानपत्राची गुंडाळी करत होती. ती अजिबात चिडलेली नव्हती, हे तू लक्षात घे, कारण चिडली असती तर मी हे पत्र लिहीत बसलो नसतो. म्हणाली, "सांगितलं होतं ना. तुम्ही त्यावर काहीतरी श्लोक म्हणालात. मग दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा विनोद केलात. चांगला होता, मी हसलेही. मग सोडून दिलं." मी विचारलं, आणि त्याला सांगितलंस, सिंकखाली? "भावजींना? हो. ते म्हणाले, मग आपण शास्त्रीबुवांनाच चिकटवून टाकू कुठेतरी. म्हणून हसत होतो." एवढंच होतं बघ. महिनाभर मी ज्या हसण्यामागे हेर लावले होते, ते एवढंच निघालं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी तिथेच उभा राहून आठवत बसलो, की मी असे आणखी कशाकशावर श्लोक म्हणालो आहे. तिने नोकरी बदलायचं म्हटलं होतं, तेव्हा मी काय बोललो? तिच्या आईच्या आजारपणात? माझी वाक्यं मला आठवली, सगळी झकास होती. तिचं एकही आठवलं नाही.

ती परवा तिच्या बहिणीकडे गेली आहे. भांडण नाही, रडणं नाही. बॅग भरली, गॅस बंद ठेवा म्हणाली, सिंकमध्ये काही ओतू नका म्हणाली. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाली, "बघू." मी फोन केला की "जेवलात का" विचारते, मी हो म्हणतो, आणि मग आम्ही दोघेही गप्प बसतो. त्या गप्प बसण्यात मला तीन वेळा विनोद सुचला आणि तीनही वेळा मी तो गिळला, पण त्याच्या जागी काय बोलायचं ते येत नाही. म्हणून हे लिहितो आहे. तुझा मला अजूनही हेवा वाटतो, तो जाईल असं काही दिसत नाही. तरी तू तिला फोन कर. माझी बाजू मांडू नकोस, ती मला चांगली मांडता येते, तीच अडचण आहे. तिला फक्त विचार, कशी आहे, आणि ती सांगेल ते ऐक. मला त्यातलं काही कळवलं नाहीस तरी चालेल. ती कुणाशी तरी बोलते आहे एवढं मला कळू दे. ती परत येणार आहे की नाही, मला माहीत नाही, आणि मला फार भीती वाटते.

तुझाच,
शास्त्री