सांभाळणारा कोण

प्रिय भाऊजी,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्याआधीच म्हातारा झालाय. ह्यांचं टेबल खिडकीशी होतं तिथेच आहे, आणि कॉम्प्युटर मी रोज सकाळी चालू करते. आधी नुसती धूळ पुसायचे. मग ह्यांच्या नावाने येणाऱ्या मेल वाचायला लागले. पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकलेली बाई मी. अक्षर दिसलं की सोडवत नाही.

मेल सगळ्या औषधांच्या दुकानदारांच्या. कुठलं औषध किती उरलं, कशाची मुदत संपली ते सांगणारा तुम्हा दोघा भावांचा तो प्रोग्राम. फुकट म्हणून एकाने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि आता कुठेकुठे चालतो देव जाणे. साहेब, हे बघा. साहेब, ते अडलंय. साहेब, रागावलात का? एकाने तर लिहिलं, फुकट दिलंत म्हणून एवढा भाव खायचा का? मला हसू आलं. साहेब वारले हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही सांगवत नव्हतं. वर्ष होत आलं, तरी रोज कुणीतरी ह्यांना हाक मारत होतं.

गेल्या आठवड्यात एका दुकानवाल्या बाईंची मेल आली. नवा कॉम्प्युटर घेतल्यापासून प्रोग्राम दिवसाच्या जागी महिना वाचतोय, मुदत संपलेलं औषध चांगलं म्हणून दाखवतोय. दम्याच्या पोरीसाठी दिलेली बाटली त्यांनी गिऱ्हाइकाच्या पिशवीतून परत काढली. त्यांनी पाहिलं म्हणून. बाकीचे पाहतील?

आणखी एक जण फार गोड लिहितो. साहेबांना वेळ नसेल तर पासवर्ड मला द्या, मी बिनपैशाने सांभाळतो. देऊन मोकळी होणार होते. मग वाटलं, एवढ्या दुकानांची किल्ली, आणि ह्याचं नाव-गावही मला माहीत नाही. दाराशी आला असता तर पाणी विचारलं असतं, किल्ली दिली नसती.

तुम्ही भांडलात तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. पैसे घे, जोडीला माणूस ठेव, असं तुम्ही परोपरीने सांगत होतात. शेवटी म्हणालात, "दादा, उद्या तू नसलास तर ह्या दुकानांचं काय?" ह्यांना वाटलं, सख्खा भाऊ आपल्या मरणावर टपलाय. ह्यांच्या मनात खोट नव्हती, पण बरोबर तुम्ही होतात.

काल मी सगळ्यांना कळवून टाकलं: हा प्रोग्राम चालवणारा माणूस वारला आहे, दुरुस्ती होईपर्यंत तारीख बाटलीवरचीच वाचा. आता दुरुस्ती तुम्हालाच येते, म्हणून हे पत्र. पैसे घ्यायचे, थोडे घ्या, पण घ्या. पैसे मोजणारा निदान विचारतो तरी, की सांभाळणारा कोण आहे. आणि जोडीला आणखी एकाला शिकवायचं. ह्यावर मी वाद ऐकणार नाही. पासवर्ड पत्रात लिहीत नाही, तो घ्यायला घरी या. ह्यांना पोचवायला आलात तेव्हा उंबऱ्याबाहेरूनच परत फिरलात, मी पाहिलं होतं. आता आत यायचं.

तुमचीच,
वहिनी