दारावरचा लिंब

माय, काल नातीला लस द्यायला नेलं. सूनबाई घाबरून रडकुंडीला आली होती. तिला धीर देता देता तुझी फार आठवण आली, म्हणून लिहायला बसलो.

आपलं गाव तेलुगू मुलखात राहणार की मराठी, यावर बाबा पारावर तावातावानं बोलायचे, ते दिवस. आदिलाबादहून देवी काढणारा, देवीची लस टोचणारा, सायकलवर आला आणि तू दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलास. घरात देवीची साथ शिरली की असा डहाळा लावायचा; मग परकं माणूस उंबरा ओलांडत नाही. आपल्या घरात तर कुणालाच देवी आली नव्हती. पण आपली थोरली ताई मागे टोचून घेतल्यावर तापानं गेली होती. ती सुईनं गेली की आधीच अंगात असलेल्या तापानं, हे कुणालाच सांगता आलं नव्हतं. मला आणि अंगावर पिणाऱ्या धाकटीला पोटाशी धरून तू आत बसलीस. लोक तुला आडमुठी म्हणाले. मी कधी म्हणणार नाही.

पण शेजारच्या काकूला दूध उतरलं नव्हतं, तिचं तान्हं तुझ्याच दुधावर होतं, हे तू भीतीपोटी विसरलीस. ती नेहमीसारखी लेकरू घेऊन येते, डहाळा पाहते आणि अंगणातच थबकते. लेकरू भुकेनं रडून लालबुंद झालंय.

"काऊन थांबली? आन त्याले आत."

"कशी येऊ वैनी? तुमच्या घरी देवी आली. याले काई झालं तर?"

ती मागे वळते, तशी तू उठून बाहेर येतेस. "थांब. देवी नाई आली. म्याच लिंब बांदला." अंगणातच बसून तू त्याला पदराखाली घेतेस. काकू रागावत नाही. एवढंच म्हणते, "उद्या खरीच आली तर? मंग हा कोनाचं पिईन?"

लेकरू निजल्यावर आम्हा दोघांना घेऊन चावडीवर त्या टोचणाऱ्याकडे गेलीस आणि आधी स्वतःचा दंड पुढे केलास.

तू होतीस तोवर विचारलं नाही, आणि हे पत्र कुठं जायचंही नाही, म्हणून लिहितो. तू उठलीस ती काकूच्या लेकरासाठी, माझ्यासाठी नाही, हे माझ्या मनाला अजून थोडं लागतं.