मुकी मालिका आणि दुधाचा पेला

१८ जानेवारी

सकाळी टाकी भरली. उशी उन्हात घातली. दुपारी जेवलो. कुणी आलं नाही. संध्याकाळी पत्र लिहायला बसलो.

आदरणीय मास्तरीणबाई,

नमस्कार. गुडघा कुरकुरत नसेल आणि भाचीकडच्या उशा तुम्हाला मानवत असतील, असं धरून चालतो. (मानवत नसतील तर पत्र शेवटपर्यंत वाचा.) माझं ठीक आहे. ताई गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. पण मी आधीही फारसा बोलत नव्हतो, त्यामुळे फरक फक्त ऐकण्यात पडलाय. तुम्ही दोघी इतकी वर्षं वरच्या मजल्यावर आणि मी खाली. 'आता माझं इथे काय नातं उरलं,' म्हणून तुम्ही बॅग भरलीत, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं उशिराच सुचतात.

परवा ताईची लेखक मंडळी तिच्या आठवणीसाठी वाचनालयाच्या माडीवर जमली होती. मालिका-सिनेमांत काळ्या रंगाचा माणूस नेहमी दारातच का उभा असतो, शिकलेली बाई खलनायिकाच का होते, नाजूक चालणारा पुरुष फक्त हसवायलाच का येतो, अशा गोष्टींवर ताईबरोबर लिहिणारी ही माणसं. त्यांनी मला व्यासपीठावर बसवलं. मी म्हटलं, जन्म गेला पाण्याचे पंप सांभाळण्यात, मला यातलं काय कळतं? 'भाऊ आहात ना, झालं तर मग,' असं कवयित्रीबाई म्हणाल्या. (त्याच, ज्या चहात साखर नको म्हणतात आणि बिस्किटांचा फडशा पाडतात.)

ताईची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. मालिका बघायची ती आवाज बंद करून. 'संवाद थापा मारतात रे, कोण बसलंय आणि कोण उभं आहे ते बघ,' असं म्हणायची. तिच्याबद्दल बोलायचं तर तिच्यासारखं बघायला हवं, म्हणून मी बरेच दिवस सातची मालिका मुकी पाहिली, आणि सभेत उठून सरळ सांगून टाकलं की या मालिकेतल्या दोघी जावांचं एकमेकींवर प्रेम आहे आणि ते फार सभ्यपणे दाखवलंय.

टाळ्या पडल्या. मंडळीतल्या समीक्षक महाशयांनी 'धाडसी निरीक्षण' म्हणून टिपून घेतलं. कादंबरीकार म्हणाले, हे मी गेल्याच वर्षी म्हटलं होतं. कवयित्रीबाई म्हणाल्या, 'म्हटलं असेल, मनातल्या मनात!' दोघांची अशी जुंपली की माझं भाषण बाजूलाच राहिलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून समीक्षकांच्या आई ओरडल्या, 'अहो भाऊ, प्रेम कसलं! ती तिला दुधातून विष घालतेय, तीन महिने झाले!'

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. (ताई गेल्यानंतर पहिल्यांदाच.) मग कवयित्रीबाईंनी विचारलं, 'पण भाऊ, तुम्हाला प्रेम दिसलं कुठे?' मी सांगितलं, एक जाऊ पेला पुढे करते. दुसरी लगेच घेत नाही, आधी तिच्याकडे बघते. आणि पेला रिकामा होईपर्यंत देणारी जागची हलत नाही. (का हलत नाही ते आता कळलं.) 'असं बघणं मी घरी पाहिलंय,' एवढंच मी म्हणालो आणि खाली बसलो. त्यावर कुणी हसलं नाही.

शेवटच्या महिन्यांत तुम्ही ताईला औषधाचा पेला द्यायचात. ती मुद्दाम वेळ लावायची, आणि तुम्ही तिथेच उभ्या. मला कुणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आवाज बंद होता, पण दिसत सगळं होतं.

आपला,
धाकटा दीर
(कुणी विचारलं तर हे नातं मी सांगेन, तुम्हाला सांगावं लागणार नाही.)

ता. क. मंडळी ताईच्या लेखांचं पुस्तक काढतायत. परिचयात 'मागे एक भाऊ' एवढंच छापणार होते. मी थांबवलंय. पुढे काय लिहायचं ते तुम्ही येऊन सांगा. भाचीचा पाहुणचार पुरे झाला.

आणखी एक. उन्हातली उशी तुमचीच होती. मघाशी झटकून वरच्या खोलीत ठेवली. आता सात वाजतील, मालिका लावतो, आवाज बंद करून. विष आहे हे कळलं, तरी मला अजून तसंच दिसतं.