घर वहिनींना, ढग कोणालाच नाहीत

मी, खाली सही करणारी, वेधशाळेतून निवृत्त झालेली, अविवाहित, गुडघे सोडून बाकी सर्व शाबूत असलेली बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. राहतं घर, गच्चीसह, माझ्या थोरल्या भावाच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना देते. हयातीपुरतं नव्हे, पूर्ण मालकीने. मध्यंतरी भाचा आला होता. म्हणाला, "आत्या, तुझ्यामागे आई एकटी कशी राहणार? घर विकू, तिला मी नेतो." वहिनी वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. त्याचा अर्थ मला कळतो.

दादा गेला तेव्हा त्या माझ्याकडे राहायला आल्या. पानावर बसायच्या, घास चिवडायच्या, उठायच्या. शेवटी हिवाळ्यातल्या एका दुपारी मी त्यांना वेधशाळेत नेलं. त्या दिवसांत आपल्या आकाशगंगेचं केंद्र भर उन्हात, सूर्याच्या शेजारी असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण रेडिओ लहरी उजेडाला आणि वाटेतल्या धुळीला जुमानत नाहीत. पिवळ्या गवतात अँटेना माना वर करून उभ्या होत्या. आत पडद्यावर नकाशा सावकाश उमटत होता, काचेवर वाफ धरावी तसा.

"वन्सं, हे ढग?"

"हो, तापलेल्या वायूचे. जवळच्या ताऱ्यांच्या प्रखर उजेडाने त्यांच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे झालेत."

"पाऊस पडतो?"

"नाही. नुसते फिरतात."

"कशाभोवती?"

"मध्ये फार जड असं काहीतरी आहे. ते दिसत नाही."

"दिसत नाही, तरी फिरतात?"

"तरी फिरतात."

वहिनी पडद्याकडे पाहत राहिल्या. परतताना बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपल्या. घरी येऊन म्हणाल्या, "भूक लागलीय."

२. बँकेतली शिल्लक भाच्याला. बाळा, रागावू नकोस. आईला भेटायला ये, न्यायला येऊ नकोस.

३. सोल्डरिंगची हत्यारं वेधशाळेच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींना. माझा हात भाजला की ते आधी हसायचे, मग मलम आणायचे. त्याच क्रमाने.

४. त्या दुपारच्या नकाशात ढगाला एक बारीक शेपूट होतं. आमचे विभागप्रमुख, सर, म्हणाले, "सूर्याचा गोंगाट आहे. पुसून टाका."

"सर, सूर्य रोज थोडा सरकतो. पुढच्या दिवसांच्या नकाशांतही हे जागचं हललेलं नाही."

"वाद नकोय मला."

आमचा शोधनिबंध शेपटाविना छापला गेला आणि पुढचे कित्येक हिवाळे अँटेनांवरची वेळ माझ्या वाट्याला आली नाही. सर निवृत्त झाल्यावर दुसऱ्या एका गटाला तेच शेपूट त्याच जागी सापडलं. तेव्हा सर काठी टेकत आमच्या घरी आले. दार वहिनींनी उघडलं. म्हणाल्या, "पाणी देते. पण आधी जे म्हणायला आलात ते म्हणा." सर उंबऱ्यातच म्हणाले, "चुकलं माझं." माझा पाऊण राग तिथेच गळाला. उरलेला पाव मी जपून ठेवला आहे. तो वारशात कोणाला जात नाही. मूळ नकाशा मात्र शेपटासकट वेधशाळेच्या जिन्यात लावावा.

५. ढग कोणाच्या नावे करता येत नाहीत. आम्ही टिपलेल्या लहरी तिथून निघाल्या तेव्हा माणसाला शेतीही ठाऊक नव्हती. आज निघालेल्या लहरी कोणाच्या पदरात पडतील, कोण जाणे. हल्ली दुपारी डोळा लागला की ते शेपूट मला वळताना दिसतं, झोपेत कुशीवर वळावं इतकं हळू. जाग आली की वहिनी गच्चीतून हाक मारतात, "वन्सं, या, ऊन छान आहे."

६. वकिलांनी बजावलंय, की लाभ मिळणाऱ्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. म्हणून वहिनींची सही इथे नाही. माझ्या आयुष्याला खऱ्या साक्षीदार त्याच होत्या, पण कायद्यापुढे शहाणपण चालत नाही.

वरील मजकूर स्वतः वाचून सही केली:
(सही)

साक्षीदार, माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही करणारे:
१. समोरचे शिंपीकाका (सही)
२. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाई (सही)

ठिकाण: राहतं घर, गच्ची
दिनांक: डिसेंबरचा पहिला रविवार, दुपार