शेवटचं प्रकरण सोडून

प्रिय ताई,

अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, असं हे म्हणाले. मी म्हटलं, ठेवेल, पण दुसऱ्या दिवशी फोडेल. लहानपणी तुझा माझ्यावरचा राग एक दिवस टिकायचा आणि सकाळी तूच मला वेणी घालायला बोलवायचीस. या वेळी चौदा वर्षं टिकला. पत्र लिहू नकोस असं तू बजावलं होतंस, मी ते पाळलं. आज मोडते आहे. त्याला कारण आहे, पण ते पहिल्याच परिच्छेदात सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. धंद्याची खोड म्हण हवं तर. एवढंच आधी सांगते की मला तुझ्याकडे एक कबुली द्यायची आहे, आणि ती वाचल्यावर तू मला बहीण म्हणशील की नाही हे मला सांगता येत नाही.

इकडे वसंत आला. रस्त्याकडेच्या झाडांना पानं फुटली आणि ह्यांनी खिडक्या रंगवायला काढल्या. रंग ओला, म्हणून खिडक्या लावता येत नाहीत. स्वयंपाकघरातल्या माझ्या टेबलावरचे कागद दिवसभर उडतात. मी कुरकुर केली तर हे शिडीवरून म्हणाले, उडू देत की, कोरेच तर आहेत. वाईट मनाने नाही म्हणाले. गेली सव्वीस वर्षं पहिली पालवी दिसेपर्यंत माझ्या नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण तयार असतं. यंदा नाही. एक बाई खिडकीशी उभी करून ठेवली आहे, तिला पुढे काय करायला सांगावं ते सुचत नाही. माझे सगळे नायक उंच असतात याचा ह्यांना जुना राग आहे. एखादा बुटका घेऊन बघ, लगेच जमेल, असं सुचवून झालं. गुडघा दुखतो, पण शिडी सोडत नाहीत. परवा रंग बाहेर जाऊ नये म्हणून चौकटीला पट्टी लावताना आपणहून म्हणाले, ताई असत्या तर पट्टीशिवाय रेघ मारली असती. तुझं नाव या घरात पुष्कळ दिवसांनी निघालं. मी भांडी घासत होते, ती घासत राहिले.

वाचनालयातलं आमचं गुरुवारचं मंडळ अजून चालू आहे. मागची तीच खोली, अकरा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी, आणि उशिरा येईल तिला ती घ्यावी लागते. दर वसंतात मी तिथे नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचून दाखवते. या वेळी रिकाम्या हातांनी गेले, तर ग्रंथपालबाईंनी माझ्या हातात फडकं दिलं. पुस्तकं झाडायचे दिवस होते. माझ्या कपाटाशी मलाच बसवलं. माझी पुस्तकं नेणाऱ्या बायकांची एक पद्धत आहे. एकदा वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी नेलं जाऊ नये म्हणून प्रत्येकीने एक पान ठरवून ठेवलं आहे, त्यावर ती खूण करते. मंडळात एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्या बाविसाव्या पानाच्या आकड्याखाली टिंब देतात. शिवणाच्या दुकानातली चाळिसाव्या पानाला सुईने भोक पाडते. पुस्तकं खराब होतात म्हणून ग्रंथपालबाई चिडतात. खरं तर चिडायचं मी. नाव वाचून, चित्र बघून, वीस पानं चाळूनही आपण हे वाचलं आहे की नाही ते ज्यांच्याबद्दल कळत नाही, अशी पुस्तकं मी लिहिते.

मी खुणा बघत बसले होते. धूळ झटकायची आणि एकेक खूण बघायची. तर नवव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात नखाने दाबलेला अर्धा गोल दिसला. पुस्तकात पेन्सिल चालवली की बाबा ओरडायचे, म्हणून तू नख चालवायचीस. मी दुसरं पुस्तक उघडलं, मग तिसरं. आमचं वाचनालय आणि तुमच्या गावचं वाचनालय दर तीन महिन्यांनी एक पेटी भरून पुस्तकं एकमेकांना पाठवतात, हे मला माहीत होतं. त्या पेटीतून माझी पुस्तकं तुझ्या हातात जाऊन परत येत असतील, हे कधी मनात आलं नाही. गेल्या तेरा वर्षांतल्या तेराही पुस्तकांत तुझं नख आहे. फक्त एकात नाही. त्या तेरांच्या लगेच आधीच्या पुस्तकात. ते तू पुन्हा हातात घेतलं नाहीस, किंवा घेतलंस आणि वाचलं असं कबूल केलं नाहीस. ग्रंथपालबाईंनी विचारलं, काय हो, शिंका येतायत का? मी हो म्हटलं.

त्या पुस्तकाबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. तू तापाने पडली होतीस, मी उशाशी होते, आणि एका दुपारी तू त्याच्याबद्दल सांगितलंस. त्याआधी कधी नाही, त्यानंतर कधी नाही. पुलाच्या कामावरचा माणूस, सहा महिन्यांसाठी नदीच्या वरच्या अंगाला गेला. शनिवारी तिकडची गाडी येते, म्हणून शनिवारी दुपारी तू कुठली शिकवणी घेतली नाहीस, कुणाकडे गेली नाहीस. अकरा वर्षं. तू कुठे वाट बघत उभी राहिली नाहीस. दुपार मोकळी ठेवलीस, बस. ताप उतरल्यावर तू मला म्हणालीस, मी काय बडबडले ते विसर. मी चार महिन्यांत कादंबरी लिहिली. भूमितीच्या बाईची गाण्याची बाई केली, त्याला उंच केलं, आणि वाटलं की झालं, आता कोण ओळखणार. शनिवार मात्र तसेच ठेवले. ते इतके चांगले होते की मला बदलवेनात.

आठवड्यात गावाने ओळखलं. दुकानात सामान घेताना बायका तुला हसून विचारायच्या, काय बाई, आला का? नववीच्या मुलींनी फळ्यावर लिहिलं, 'ते आले'. तू ते पुसलंस आणि त्याच फळ्यावर त्रिकोण काढून शिकवायला लागलीस, असं मला नंतर त्यातल्याच एकीने सांगितलं. वर्ष संपायच्या आत तू बदली मागून घेतलीस. मग तुझं कार्ड आलं. पत्र लिहू नकोस, आणि वर दोन ओळी. 'माझं सांगितलंस ते सांगितलंस. त्याला परत आणायला नको होतंस.' मी ते कितीदा वाचलं असेल. पहिल्या वाक्याची लाज वाटायची. दुसरं कळायचंच नाही. शेवटच्या प्रकरणात तो येतो, दार वाजवतो, ती उघडते, आणि वाचनालयात बायका रडतात. मला वाटायचं, सगळ्या पुस्तकात मी तुझ्यासाठी केलेली एकच चांगली गोष्ट ती आहे.

आता नीट ऐक. गेल्या वसंतात तो आमच्या घरी आला.

फाटकाशी उभा होता, पिशवीत ते पुस्तक. तो उंच नाही, ताई. तू कधी सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. ह्यांनी पाणी आणून ठेवलं आणि त्याच्याकडे एकदा बघून आत गेले. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. नोकरी संपली होती, बायको कधी केली नव्हती, एका डोळ्याने कमी दिसत होतं. म्हणाला, कुठे असते? एवढंच. मी म्हटलं, ती छान आहे, तिचं सगळं मार्गी लागलंय, तुम्ही आता तिला त्रास देऊ नका. त्याने मान हलवली. मग मी विचारलं, आला का नाहीत? पहिल्या वर्षी काम लांबलं, म्हणाला. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. मग सवय झाली. पाणी पिऊन त्याने भांडं आधी होतं तिथेच ठेवलं आणि गेला. मी ह्यांना म्हटलं, ताईचं पुन्हा वाटोळं होता होता वाचलं. ह्यांनी भांडं विसळलं. म्हणाले, ताईंना विचारायला हवं होतंस.

वर्षभर मी मनाला सांगितलं की एकदा तुझ्या आयुष्यात हात घातला होता, त्यातून शिकले, या वेळी घातला नाही. हे खोटं आहे, आणि ते मला त्याच दिवशी माहीत होतं. तो येऊन नुसता समोर उभा राहिला असता तरी तू त्याला कधीतरी माफ केलं असतंस. मग सगळा राग माझ्या एकटीच्या वाट्याला आला असता. तुझे गुन्हेगार आम्ही दोघं होतो. त्यातला एक कमी झालेला मला चालणार नव्हता.

नर्सबाई दर बुधवारी इस्पितळात जाऊन आजाऱ्यांना वाचून दाखवतात. मंडळातली एखादी त्यांच्याबरोबर जाते. पुस्तकं झाडून झाल्यावर चहा घेताना त्या हसत म्हणाल्या, लेखिकाबाई, तुमचं एक गिऱ्हाईक आहे बघा तिकडे. तेच एक पुस्तक लागतं, दुसरं चालत नाही, आणि शेवटचं प्रकरण आलं की म्हणतो, राहू द्या. शिवणवाली म्हणाली, अहो, शेवट सोडला तर ह्यांच्या पुस्तकात राहतं काय? सगळ्या हसल्या. मीही हसले. नर्सबाई पुढे म्हणाल्या, वर्ष झालं म्हणे इथे येऊन, बस डेपोमागे खोली घेतलीय. कुणाची तरी वाट बघतो. तिची सख्खी बहीण इथे राहते म्हणे, तेव्हा आज ना उद्या येईलच, असं त्याचं म्हणणं. घरमालकाने आणून भरती केला, दुसरं कुणी नाही. मी चहा संपवला आणि विचारलं, या बुधवारी मी येऊ का?

म्हणजे तो माझ्या घरातून निघाला आणि चार गल्ल्या सोडून राहिला. माझ्यावर त्याने विश्वास ठेवला नव्हता. किंवा ठेवला होता, आणि तरी राहिला.

त्याला आता दिसत नाही. बुधवारी मी त्याच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि वाचायला लागले. माझंच पुस्तक मोठ्याने वाचताना मला जागोजागी लाज वाटली, पण शनिवार आले की आवाज आपोआप खाली जायचा. तो ओठ हलवत होता, त्याला पाठ आहे. त्याने मला ओळखलं का, ते सांगता येत नाही. शेवटच्या प्रकरणाचं पान उलटलं तसा त्याने हात वर केला. म्हणाला, राहू द्या बाई. पुढे मी तिच्या दारी जातो असं लिहिलंय. मी गेलो नव्हतो. हे त्याने अगदी सौम्यपणे सांगितलं, मला छापखान्याची चूक दाखवावी तसं. ताई, तुझ्या कार्डातली दुसरी ओळ मला चौदा वर्षांनी त्या खुर्चीत कळली. तो आला नाही, ही एकच गोष्ट तुझ्याजवळ त्याची म्हणून उरली होती, आणि मी ती घेऊन तिच्या जागी दुसरी ठेवली. बायका रडल्या म्हणून मला बरं वाटलं.

पत्र लिहिण्याचं कारण आता. डॉक्टरांनी नर्सबाईंना महिना सांगितला आहे, कदाचित कमी. नदीकडच्या रस्त्यावरचं मोठं इस्पितळ, दुसरा मजला, पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळचा शेवटचा पलंग. चार ते सहा भेटायला सोडतात, पलंगाचा नंबर सांगितला की पुरतं. नंबर सतरा. तुमच्याकडून सकाळी दहाची बस एक वाजता इथे पोचते. मी तुझ्याबद्दल त्याच्याशी खोटं बोलले, हे त्याला येत्या बुधवारी सांगणार आहे, तू ये अथवा नको येऊस. तुझा पत्ता त्याला दिलेला नाही. तो द्यायचा की नाही हे तुला विचारायचं, हे ह्यांनी वर्षापूर्वी सांगितलं होतं, ते आज करते आहे. आमच्या घरी यायला हवं असं नाही. तू येशील त्या दिवशी मी त्या इमारतीच्या आसपासही नसेन. काय व्हावं असं मला वाटतं, ते इथे लिहीत नाही. तू त्याच्याकडे गेलीस, तर त्याबद्दल मी कधी एक अक्षर लिहिणार नाही. नाही गेलीस, तरी नाही.

तुझीच,
धाकटी