एवढ्याशा बशा

बुधवार, ७ फेब्रुवारी

ताई आली, चहा नको म्हणाली आणि उभ्याउभ्याच सांगून गेली. पोटातली गाठ पसरली आहे. ऑपरेशन होण्यासारखं नाही. औषधं घेतली तर थोडे दिवस जास्त, तेही अंथरुणात. 'मी घेणार नाहीये.' एखाद्या पेशंटला दाढ ठेवू की काढू, असं विचारावं त्या आवाजात! दातांची डॉक्टर ती. जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणत आली, स्वतः तोंड उघडायला एवढे दिवस लावले.

'बाबांना मीच सांगेन. रविवारी बाहेर जेवू या, तेव्हा. तू मध्ये बोलायचं नाहीस.'

माझ्यासारख्या वार्ताहराला बातमी दाबायला सांगते. दाबली. बायकोलाही बोललो नाही.

शुक्रवार, ९

हॉटेल ताईनंच ठरवलं. स्पॅनिश! हे काय नवीन खूळ, म्हणून विचारलं.

'तिथं लहान लहान बशा टेबलाच्या मध्ये ठेवतात. ज्यानं त्यानं उचलायचं. कोण किती खातंय, कुणाच्या लक्षात येत नाही.'

मग म्हणाली, 'दोन घासांपुढे जात नाही रे.'

रविवार, ११

दारावर पाटी — 'तापास'. आमच्या संस्कृतात तापस म्हणजे तप करणारा. बशांचा आकार पाहता नाव अगदी सार्थ.

बाबा निवृत्त फॅक्टरी इन्स्पेक्टर. आत शिरताच आधी मागचं दार कुठं आहे ते पाहून घेतलं. मग ताईशेजारच्या खुर्चीवरून मला उठवलं. 'तू तिकडे.'

पहिल्या बशीत सात-आठ ऑलिव्ह.

'हा नमुना वाटतं,' बाबा वेटरला म्हणाले. 'माल कधी येणार?'

ताई खळखळून हसली. तिच्या गळ्याची हाडं तेव्हा दिसली.

मग लसणाच्या तेलातली कोळंबी, बटाट्याचं जाड ऑम्लेट, चीज. आणि इथंच घात झाला. आमच्या बायकोला वाढल्याशिवाय चैन पडत नाही! बशी टेकली की ही चमचा घेऊन उभी. पहिला मान नणंदेचा. 'ताई, घ्या हो. काहीच घेत नाही तुम्ही!' ताईची युक्ती पाच मिनिटांत धुळीला मिळाली. तिची प्लेट भरतच चालली.

आणि बाबा! एरवी तेलाचा थेंब चालत नाही, कोळंबी तर डॉक्टरनं बंदच केलेली. ताईच्या प्लेटमध्ये सरळ हात घालून खात सुटले. 'हे तुला आवडत नाही, आण इकडे.' वेटर बघत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

'बाबा, घरी उपाशी ठेवतो का आम्ही तुम्हाला?'

'एवढ्याशा बशा! कुणाचं पोट भरणार?' तोंडात घास तसाच.

ताईनं दोनदा सुरुवात केली. 'बाबा, मला जरा तुमच्याशी —'

'ते ऑम्लेट खाणार आहेस का तू?'

दुसऱ्यांदा, 'अहो बाबा, ऐका ना —'

'सूनबाई, तिला आणखी वाढ गं. आणि मलाही.'

तिनं नाही सांगितलं. गाडीत बसताना माझ्या खांद्यावर भार देऊन बसली. भार कसला — शाल ठेवल्यासारखं.

संध्याकाळी तिचा फोन. 'किती मजेत जेवले रे! असं जेवताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. माझ्याच्यानं बोलवेना. तू सांग त्यांना.'

सोमवार, १२

गेलो नाही. पुरवणीचं काम होतं.

मंगळवार, १३

पुरवणीचं काम काल पण नव्हतं. दुसऱ्यांच्या घरी जाऊन 'आपल्याला काय वाटतं?' विचारण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. बाबांना सांगायचं वाक्य मात्र सकाळपासून जुळवतोय. प्रत्येक वाक्यात ताईच कर्ता, आणि क्रियापदाशी आलो की थांबतो.

बुधवार, १४

गेलो. बाबा पडून होते. रविवारपासून पोट बिघडलंय, तोंड सुकलेलं. ताईला कळवू दिलं नाही म्हणे. मी चिडलो. 'कोळंबी खायची हौस भारी!'

'मग तिची प्लेट कुणी रिकामी करायची? तुझी बायको थांबते का वाढायची?'

मी खुर्ची जवळ ओढली.

'मला कळलंय, हे तिला कळू देऊ नकोस,' भिंतीकडे वळून म्हणाले. 'ती सांगणार, आणि वर मलाच सावरत बसणार. एवढं काम आता तिला नको.'