उजवा फोटो

११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय वन्सं,

नमस्कार. आज शाळेत दोन तास घेतले, मग अर्धी रजा टाकली. बँकेतल्या खात्यावरचं त्यांचं नाव काढायचं काम पुन्हा राहिलं. तिथून फोटो लॅबमध्ये जाऊन आले आणि आता चहा घेऊन लिहायला बसले आहे. तुमचा खोकला कमी झाला असेल. घरी सगळ्यांना नमस्कार सांगा.

तुम्ही गेल्या आठवड्यात फोनवर विचारलंत, "वहिनी, दादाच्या कॅमेऱ्यातलं कार्ड सापडलं का?" मी म्हटलं, शोधते. कार्ड माझ्या कपाटात आहे. ते हरवलंच नव्हतं.

तुम्हाला कुठला फोटो हवा आहे ते मला माहीत आहे. गच्चीवरचा, मी चादरी वाळत घालताना काढलेला. ते आजारी पडायच्या आधीचा शेवटचा. तुम्ही म्हणालात, "तो आमच्या दोघांचा फोटो आहे, त्याची प्रिंट व्हायलाच हवी." फोटोत मी एकटी आहे, वन्सं. तरी तो तुमच्या दोघांचा.

म्हणून मी ठरवलं, प्रिंट मीच करून घ्यायची. थ्रीडी चष्म्याशिवायही खोल दिसणारी, रेघारेघांच्या प्लास्टिकवरची, ते करायचे तशीच. पण फक्त त्यांच्या फोटोवरून. लॅबवाल्यानं मला सगळं पहिल्यापासून समजावलं, जणू मी त्या घरात कधी राहिलेच नव्हते. डाव्या कॅमेऱ्याचा फोटो, उजव्या कॅमेऱ्याचा फोटो, दोन्हींच्या मधले फोटो संगणक भरतो, मग त्यांच्या बारीक पट्ट्या कापून एकाआड एक लावायच्या आणि वर ती रेघांची प्लास्टिकची शीट चिकटवायची. मी ऐकून घेतलं. आमच्या बेसिनशेजारी वर्षानुवर्षं काळ्या-पांढऱ्या रेघांचे चाचणीचे कागद सुकत असायचे, हे त्याला काय सांगायचं. शीटच्या पाकिटावर रेघांचं जे माप छापलेलं असतं ते कधीच अचूक नसतं, प्रत्येक शीटला चाचणी घ्यावी लागते, एक डोळा मिटून बघावं लागतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मला विचारलं मात्र कुणी नाही. ते तुम्हाला फोन करायचे. "ये गं, नवी शीट आली आहे." त्या दिवशी घरात एक कप चहा जास्त.

लॅबवाल्यानं विचारलं, "उजवा फोटो कुठे आहे?"

मी म्हटलं, "हरवला."

"मग बाई, संगणक अंदाजानं दुसरा डोळा बनवेल. पण अंदाज तो अंदाज. नंतर मला बोल लावू नका."

"नाही लावणार. करा."

आज प्रिंट मिळाली. चाचणी त्यानं नीट घेतली होती, कुठे दुहेरी दिसत नव्हतं, रेघा बरोबर बसल्या होत्या. खोलीही होती. चादर पुढे, मी मागे, टाकी त्याच्या मागे. पण तिघी पुठ्ठ्यातून कापून एकीमागे एक उभ्या केल्यासारख्या. मान जराशी हलवून बघितली तर चादरीची कड माझ्या गालावर ओढली जात होती. कान तर चक्क कापडाचा झाला होता. लॅबवाला हसू दाबत म्हणाला, "चादरीमागचं या कॅमेऱ्याला दिसलंच नाही, तर संगणक तरी आणणार कुठून? जे दिसतंय तेच ताणून लावतो. तुमचा कान दुसऱ्या फोटोत असणार."

म्हणजे तुमच्याकडे.

घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. त्या दिवशी तुम्ही दोघं एका पट्टीवर दोन कॅमेरे लावून खांद्याला खांदा लावून उभे होतात. ते "हं" म्हणाले आणि दोन्ही बटणं एकदम दाबली गेली. मी पूर्वी एकदा सुचवलं होतं, दोन्हींना मिळून एक वायर लावा, वन्संना सारखा यायचा त्रास कशाला. ते म्हणाले, "वायरला माझा हं कळत नाही." मलाही कळत नसे. जेवताना हं म्हणाले की मी वाढायला उठायचे आणि त्यांना पाणी हवं असायचं. तुम्ही न बघता तांब्या सरकवायचात.

मला वाटायचं, निदान फोटोत तरी ते एकटे माझ्याकडे बघतात. आता कळतंय की त्यांच्या बाजूनं माझा अर्धा चेहरा चादरीआड होता, आणि तुमच्या बाजूनं तो दिसत होता. हे मला आवडलेलं नाही. लिहून टाकलं, कारण तोंडानं मी हे बोलणार नाही, आणि तुम्हीही पुढे विषय काढू नका.

पण वन्सं, त्या प्रिंटमधली बाई मला घरात ठेववत नाही. त्यांनी बघितलेली मी तशी नव्हते.

तेव्हा असं करू. कार्ड मी तुमच्या हातात देणार नाही. तुमचंही मागत नाही. शनिवारी अकराला लॅबमध्ये या, तुमचा उजवा घेऊन. मी डावा आणते. दोन प्रिंट करू, एक तुमची, एक माझी. शीट चिकटवताना एकानं धरायची आणि दुसऱ्यानं रेघा जुळेपर्यंत खालचा कागद सरकवायचा असतो. लॅबवाला म्हणाला, मी करून देतो. मी नको म्हटलं. सरकवायचं काम माझं. तुम्ही नुसती धरा. आणि तयार झालेली आधी मी बघणार.

जिन्यातला दिवा गेला आहे. उजेड आहे तोवर स्टूल लावून बदलून घेते.

तुमच्या दादाची बायको